तन्वीच्या कथेतला माणूस

रवि. ७ डिसें.
पाणीगेटच्या हॉलवर आज सातच्या सात हजर. फळ्यावर लिहिलं: पात्र, स्थळ, काळ, संघर्ष, शेवट. मुलांनी वाण्याची यादी उतरवावी तसं निमूट उतरवून घेतलं. मग म्हटलं, आता लिहा एक कथा. दोन भुतं आली, एक सिंह, एक क्रिकेटचा कप आणि परग्रहावरचा एक माणूस, जो हिंदीत बोलतो. आरव कदमने 'संघर्ष' या शब्दाखाली लिहिलंय, "संघर्ष नाही. सगळे मजेत होते." हसू आलं आणि डोकंही उठलं. तीस वर्षं गुजराती शाळेत गणित शिकवलं, तेच बरं होतं. निवृत्तीनंतर हा रविवारचा मराठीचा वर्ग कुठून डोक्यात घेतला देव जाणे.
तन्वी शेलारने पान पालथं घालून दिलं. तरसालीची, नववीतली, बोलते कमी. तिचं अजून वाचलं नाही.

मंगळ. ९ डिसें.
तन्वीचं तीनदा वाचलं. कारखान्यातल्या एका माणसाला ऐकू येईनासं झालंय आणि तो ते लपवतो. घरी कुणी काही म्हटलं की "हो हो." फोन वाजला की मुलीकडे देतो, तूच बोल, माझे हात ओले आहेत. कारखान्यात धोक्याच्या भोंग्याचा सराव असला की हा इतरांच्या पायांकडे बघत उभा राहतो. ते धावले की हाही धावतो. बस्स, दीड पान.
चौदा वर्षांच्या पोरीला हे सुचतं कुठून! खाली लाल पेनाने लिहिलं, 'फार छान. पण हा कुठलाही माणूस वाटतो. गेट कोणतं, पाळी कोणती, काम काय? अंगावर एखादी खूण दे, म्हणजे तो डोळ्यांपुढे येईल.'
दुपारभर उगाच कपाटं आवरत बसले. ह्यांनी विचारलं, "काय बिनसलंय?" काही नाही, आनंद झालाय. मला मेलीला आनंदसुद्धा एका जागी बसून करता येत नाही.

रवि. १४ डिसें.
पुन्हा लिहून आणलं तिने. तीन नंबर गेट, दुसरी पाळी, बॉयलर, डाव्या मनगटावर भाजल्याचा लांबट डाग. सांगितलं ते सगळं केलंय. मीच ते वर्गात वाचून दाखवलं. आरव मध्येच, "बेन, तीन नंबर गेट तर आमच्या पप्पांचं. ते सेफ्टी ऑफिसर आहेत ना." (बेन नको, बाई म्हणा, हे सांगून मी थकले.) मी लगेच फळ्याकडे हात केला, बघा, याला म्हणतात स्थळ, ऐकणाऱ्याला ओळखीचं वाटलं पाहिजे.
तन्वी वहीच्या समासात रेघा मारत होती. मला वाटलं, लाजतेय.

रवि. २१ डिसें.
वर्गाचा हस्तलिखित अंक शिवून झाला. दरवर्षीप्रमाणे एकच प्रत, कापडी पिशवीतून घरोघर जाणार, चार-चार दिवस. मागे कोरी पानं, घरातल्या मोठ्यांनी अभिप्राय लिहायला. आधी जोशी, मग मोहिते, तिसरे कदम, सगळ्यात शेवटी शेलार. तन्वीची कथा पहिल्या पानावर घेतली. अक्षर तिचंच, मोत्यासारखं.
जोशीवहिनी पिशवी घेताना म्हणाल्या, यंदा अंक जाड झालाय. फुगले मी.

शुक्र. २६ डिसें.
नणंदेकडे तरसालीला गेले होते. कोपऱ्यावर भाजीच्या हातगाडीशी तन्वी आणि तिचे वडील. त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं, एरवी तिची आई येते सोडायला. म्हटलं, "तुमच्या मुलीने काय सुंदर लिहिलंय." "हो हो." "तुम्ही वाचलंत का?" "हो हो. घरी आवजो, या एकदा."
मागून एक रिक्षावाला हॉर्न मारून मारून वैतागला. मी बाजूला झाले, ते जागचे हलले नाहीत. तन्वीने त्यांची बाही ओढली तेव्हा सरकले. मग वांग्यांसाठी हात पुढे केला, डावा, आणि मनगटावर तो डाग.
तन्वीने माझ्याकडे बघितलं, मग खाली.
नणंदेकडे काय बोलले, काय खाल्लं, काही आठवत नाही.

शनि. २७ डिसें.
ह्यांना सगळं सांगितलं. पिशवी आज मोहित्यांकडे, परवा कदमांकडे. कदम तिथले सेफ्टी ऑफिसर. पहिलंच पान वाचतील आणि शेलारांची नोकरी...
"पान काढून टाक," हे म्हणाले. शिवलेलं आहे, अन् मागच्या बाजूला मोहित्यांच्या धाकटीची कविता आहे. "मग चिकटव वर कागद." आणि उद्या खरंच भोंगा झाला, आणि बघायला आजूबाजूला कुणाचे पायच नसले तर? त्यावर ह्यांनी कागदाचा विषय सोडला. चाळीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस, भोंगा म्हणजे काय ते त्यांना मी सांगायला नको.
पहिल्या दीड पानात शेलारांना कुणी ओळखलं नसतं. गेट मी मागितलं, पाळी मी मागितली, खूण मी मागितली. स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

रवि. २८ डिसें.
वर्ग सुटल्यावर तन्वीला थांबवलं. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "जोरात बोललं आणि तोंडाकडे बघितलं की कळतं त्यांना. पूर्ण नाही गेलेलं."
आईला माहीत आहे का? नाही. "मम्मीला वाटतं, पप्पा तिच्याकडे लक्षच देत नाहीत. त्यावरून रोज भांडण. पप्पा भांडणातपण हो हो म्हणतात, मग ती अजून चिडते."
अगं, मग हे लिहिलंस कशाला, मला एकटीला सांगायचंस. तर म्हणते, "सांगितलं असतं तर चुगली झाली असती ना, बेन. कथेत चालतं, असं तुम्हीच म्हणालात."
आणि ती खूण? गेट? खोटं लिहायचं होतंस. "तुम्ही लाल पेनाने लिहिलं होतं."
आता काय करायचं विचारलं तर खांदे उडवले. "कारखान्यातलं मेडिकल चेकप मार्चमध्ये आहे. मागच्या वेळी कसे पास झाले माहीत नाही. मला रोज भीती वाटते." मग आई न्यायला आली, म्हणून हसत बाहेर गेली. कसं जमतं तिला हे.

सोम. २९ डिसें.
सकाळीच मोहित्यांकडून पिशवी उचलली. कदमबाईंना फोनवर थाप मारली, शिवण उसवलीय, दोन दिवस उशीर होईल. "चालेल, बेन, घाई नाही."
जेवणाच्या टेबलावर अंक उघडून बसले. गेटचा नंबर इंग्रजी आकड्यात लिहिलाय, तीनचं आठ सहज होतं. डाव्याचं उजवं करायला जरा खाडाखोड लागेल. पेन हातात घेतलं आणि लाज वाटली. मी बदलीन, कदमांना कळणार नाही, शेलार बॉयलरपाशी तसेच उभे. आणि तन्वी समजेल की बाईंना फक्त कथा हवी होती.
चार वेळा उठले, चार वेळा बसले. हे म्हणाले, "ज्याचं आहे त्याला आधी दाखव की." एवढं साधं मला का नाही सुचलं.

बुध. ३१ डिसें.
पिशवी घेऊन शेलारांकडे. यादीत त्यांचा नंबर शेवटचा, मी कदमांच्या आधी घेतला. ते पाळीवर गेले होते. तन्वीच्या आईने चहा केला. अंक तिने लगेच उघडू नये म्हणून मी भलभलतं बोलत बसले, खारी विकत घेता की घरी करता इथपर्यंत. शेवटी सरळ म्हटलं, "वहिनी, माझी एक इच्छा आहे. आधी तन्वीच्या पप्पांनी वाचावं, मग तुम्ही." तिला गंमत वाटली. "ते कुठले वाचतायत! बोललेलं ऐकत नाहीत तर." तन्वी ट्रे घेऊन आत गेली, बाहेर आली नाही.
बरोबर केलं का? बाई म्हणून गेले की चोंबडी म्हणून?

शुक्र. २ जाने.
काही खबर नाही. अलकापुरीला चष्मा आणायला गेले आणि दुकानापर्यंत जाऊन तशीच परत आले. तिथे पोचल्यावर वाटलं, घरी फोन आला असेल तर? मोबाइल पर्समध्येच होता, हे रिक्षात आठवलं.
वाचून त्यांनी अंक फाडला तर? पोरीला मारलं तर? तसा माणूस वाटत नाही. पण मला काय माहीत, मी त्यांना एकदाच पाहिलंय.

रवि. ४ जाने.
तन्वी वर्गाला आली नाही. बाकीच्यांना शेवटाबद्दल सांगायचं ठरवलं होतं, फळ्यावर नुसती तारीख लिहून बसले. आरव म्हणाला, बेन, तब्येत बरी नाही का? तोही आज शहाण्यासारखा वागला. चारला सोडलं सगळ्यांना, उत्तरायण जवळ आलंय, त्यांचे जीव पतंगात.
कुलूप लावताना तन्वीचा फोन. आवाज दबका. काल सुट्टी होती, संध्याकाळी वाचलं पप्पांनी. एकदा, मग परत पहिल्यापासून. तिला जवळ बोलावलं. "हा मी?" ती म्हणाली, कथा आहे, पप्पा. त्यांनी अंक मम्मीपुढे ठेवला. मम्मी वाचून रडली, मग त्यांच्या समोर येऊन, तोंड दिसेल असं बसून, कितीतरी वेळ बोलत होती. जेवायला दहा वाजले.
"आणि आत्ता पिशवी घेऊन कदमकाकांकडे निघालेत, बेन."
अंक पोचवायला? की स्वतःच सांगायला? पान आहे ना आत?
"आहे. मीच घातलंय पिशवीत." मागून त्यांची हाक ऐकू आली, हवी त्यापेक्षा मोठी. "मलापण चल म्हणतात. कदम काय बोलतात ते मला नीट कळणार नाही, तू सांग, म्हणाले."
मी काही म्हणायच्या आत फोन बंद. आता सात वाजलेत, अजून काही कळलं नाही.