एकोणिसावं पान

कोरपना,
३ ऑक्टोबर २०२३

प्रवीणदादा,

नमस्कार. तुमचं पाकीट परवा पोचलं, अहवाल आणि आईला नमस्कार कळवणारी चिठ्ठी. आईनं तुमची विचारपूस केली आहे. तिला अहवाल वाचता येत नाही, म्हणून ती अजून विचारपूस करते. कापसाला बोंडं धरली आहेत. तुमचा दुखरा गुडघा बरा असेल.

एकोणिसाव्या पानावर तुम्ही लिहिलं आहे : 'घरट्याजवळ फासे आढळले. स्थानिक शिकाऱ्याच्या हस्तक्षेपामुळे माळढोकाचे अंडे नष्ट झाले.'

स्थानिक शिकाऱ्याला नाव आहे. जंगू सिडाम. माझे बाबा. दोन पावसाळे तुम्ही त्यांच्या शेजारी बसून जेवलात.

अहवालात जे नाही ते लिहिते.

तुमच्या संस्थेनं जिल्ह्यात चार वर्षं माळढोक शोधला. दुर्बिणी आणल्या, ड्रोन उडवला. पक्षी दिसला नाही. मग बाबांना सोबत घेतलंत, त्यांनी नवव्या दिवशी दाखवला. ते बैल पुढे घालून, त्याच्या आडोशानं चालले. बैल चरेल तसं थांबायचं, घरट्याकडे सरळ कधी जायचं नाही, मान वळवून बघायचं नाही. पक्षी बैलाला भीत नाही. याच रीतीनं त्यांनी तरुणपणी माळढोक मारले होते. हेही त्यांनीच तुम्हाला सांगितलं, न विचारता. नंतर तुम्ही त्यांना नागपूरच्या सभेत उभं केलंत, डोक्यावर संस्थेची टोपी घातलीत आणि म्हणालात, "कालचा शिकारी हाच उद्याचा रक्षक." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांना ती टोपी घट्ट होत होती. त्यांनी ती सभा संपेपर्यंत काढली नाही.

ऑगस्टमध्ये मादीनं अंडं घातलं. एकच. ती एकच घालते.

तुम्ही घरट्याभोवती चार लोखंडी खुंट ठोकायला सांगितलेत, कॅमेऱ्यांसाठी; कॅमेरे अजून यायचे होते. बाबा म्हणाले, "साहेब, कावळ्याले बसाले पाट मांडून राह्यले का तुमी?"

तुम्ही हसलात. "काका, ही शास्त्रीय पद्धत आहे."

"शास्त्र तं कावळ्यालेबी येते. उघड्या माळावर खुट दिसला का तो बसते. बसला का खाली पाह्यते."

मीही हसले. बाबांवर. खुंट मीच ठोकले. सांगितलं तुम्ही, पण हातोडा माझ्या हातात होता. मी विज्ञानाची पदवीधर, प्रकल्पाची क्षेत्र-सहायक. बाबांना तुमच्यासमोर म्हणाले, "बाबा, तुले नाई समजत, तू गप राय."

ते बैल घेऊन घराकडे वळले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंडं फुटलेलं होतं. दोन खुंटांच्या टोकांना बैलाच्या शेपटीच्या केसांचे फासे होते. वनखात्याचे साहेब तुमच्याबरोबर गाडीतून उतरले. बाबा म्हणाले, "कावळ्यासाठी लावले, साहेब. एक अडकला, त्याले सोडून देलो. तेवढ्यात दुसऱ्यानं काम केलं."

साहेब म्हणाले, "कावळे खातोस का रे आता?" सगळे हसले. तुम्हीही. एका फाशात काळं पीस अडकलेलं होतं. तुम्ही वाकून त्याचा फोटो काढलात. मी तुमच्या मागेच उभी होते. अहवालात अकरा फोटो आहेत. तो नाही.

माळढोक धरायचा फास कमरेएवढ्या खुंटाच्या टोकाला कोण बांधतो, दादा? तो पक्षी जमिनीवर चालतो. हे तुम्हाला कळत नाही, असं मी मानायला तयार नाही. तुम्हाला कळलं होतं. खुंट कोणी ठोकायला लावले, हा प्रश्न त्याच्या मागोमाग आला असता.

आता बाबांवर गुन्हा आहे. माळावर पाय ठेवायला बंदी आहे. मादी परत आली का, कुठे बसली, हे सांगू शकणारा एकच माणूस अंगणात बसून आहे. त्याच्या जागी तुम्ही आणखी दोन कॅमेरे मागितले आहेत. पान चोवीस.

इथवर सगळा राग तुमच्यावर काढला. तो खरा आहे. पण पुरा नाही.

त्या सकाळी साहेबांनी मला विचारलं होतं, "मॅडम, या फाशांबद्दल तुम्हाला माहीत होतं?" तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी म्हणाले, "नाही."

मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी मी बाभळीआडून बाबांना फासे बांधताना पाहिलं होतं. कशासाठी, तेही कळलं होतं. थांबवलं नाही, कारण तोवर त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण पटलं हे कबूल करायची लाज वाटली. आणि सकाळी नोकरी वाचवली. माझ्या त्या एका शब्दानंतर बाबांनी तोंड उघडलं नाही. जबाबावर मुकाट अंगठा दिला.

परवा तुमचं एकोणिसावं पान त्यांना वाचून दाखवलं. मग हे सांगितलं. ते बैलाला पाणी पाजत होते. बादली खाली ठेवली नाही.

"मले मालूम होतं," म्हणाले. "बाभळीपाशी तुया चपलेचा माग होता. बराच वेळ उभी होती तू. एका पायावर भार देल्ला होता."

"मंग तवा बोलला काऊन नाई?"

"तू नाई म्हनली ना. म्या होय म्हनलो असतो तं तू लबाड ठरली असती. त्या साहेबांपुढं."

एवढंच. पुढे बैलाशीच बोलत राहिले.

सोमवारी मी वनखात्याच्या कचेरीत जाऊन नवा जबाब देणार आहे. खुंट कोणी सांगितले, कोणी ठोकले, फासे कोणी पाहिले, खोटं कोण बोललं, सगळं ओळीनं. राजीनामा सोबत जोडला आहे. पिसाचा फोटो तुमच्याकडे आहे. तो घेऊन या किंवा पुसून टाका. पुसलात तर तेही जबाबात येईल, कारण काढताना मी पाहिलं आहे. या वेळी मी पाहिलेलं सांगणार आहे.

आईला तुमचा नमस्कार सांगितलेला नाही.

जंगू सिडाम यांची मुलगी,
दीपिका