मुका वॉकीटॉकी

गफ्सा, तुरुंग
१२ मार्च २०१९

प्रिय मबरूकाताईस सलाम.

मी बरा आहे. तू पाठवलेला कुस्कुसचा डबा पोचला. मुलींचा खोकला गेला का?

तू लिहिलंस की गल्लीत सगळे म्हणतात, लझहरने दाजींच्या मृत्यूचा सूड घेतला. ऐकून घे. वॉकीटॉकीच्या कारखान्याला मी नऊ पत्रं लिहिली होती. जुने संच सारखे खरखरायचे, म्हणून चालू आहेत हे कळायचं. नवे गप्पच असतात, बंद पडले तरी गप्प. आमच्या खाणीत सुरुंग उडवायच्या आधी मी वॉकीटॉकीवर तीनदा विचारायचो, खाली कुणी आहे का, आणि कुणी बोललं नाही की कळ दाबायचो. नऊ पत्रांना एकच छापील उत्तर आलं: संच नियमानुसार चालतो, शंका असल्यास स्वखर्चाने पाठवावा.

दाजी गेल्याच्या चाळिसाव्या दिवशीच कारखान्याचा नौफल नव्या संचांचं खोकं घेऊन खाणीत आला. मी विचारलं, "माणूस मेलाय, ठाऊक आहे ना?"

"खरखर नको ही गिऱ्हाइकांचीच मागणी होती, भाऊ. तुमच्या माणसानं बॅटरी बघायला नको?"

खोक्यातला एक संच उचलून मी त्याच्या तोंडावर हाणला. दात ओठ फाडून बाहेर आला. तो पडला तरी हाणत राहिलो. जबडा मोडलेला हाताला कळला, तरीही. चौघांनी ओढलं तेव्हा थांबलो. बरं वाटलं, ताई. खोटं कशाला सांगू.

पण त्याला सूड म्हणू नकोस. त्या सकाळी दाजी सुरुंगाची अडकलेली तार सोडवायला खाली निघाले आणि म्हणाले, "लझहर, एक संच दे रे." माझ्याकडे दोन होते. एक सकाळपासून दोनदा आपोआप बंद पडला होता. तोच दिला. सांगायला विसरलो नव्हतो. सांगितलं असतं तर त्यांनी चांगला मागितला असता, आणि चांगला मला हवा होता.

तीनदा विचारलं. कुणी बोललं नाही, म्हणजे दाजी दूर गेले असं धरलं. कळ दाबली.

धूर बसल्यावर पहिला मीच पोचलो. दाजींना दोन पोत्यांत गोळा केलं, म्हणून तुला तोंड बघू दिलं नाही. तुटलेल्या हाताचा अंगठा बोलायच्या बटणावर घट्ट दाबलेला होता. ते ओरडत होते, ताई, आणि मला शांतता ऐकू येत होती.

नौफलने दोष दाजींवर ढकलला. तो कुणाचा, हे तिथे एकट्या मला ठाऊक होतं. म्हणून इतकं मारलं.

मुलींना हे सांगायचं की नाही, तू ठरव. 'तुझा भाऊ' असं लिहायला हात धजत नाही.

तुझ्या नवऱ्याला मारणारा,
लझहर