तुमच्या पीचची छाटणी

अहो,

एका घरात राहून नवऱ्याला पत्र कोण लिहितं? म्हणून कधी लिहिलं नाही. पण काल मी तुमच्या पीचवर कात्री चालवली. वन्सं आपल्या पद्धतीनं तुम्हाला कळवतीलच, त्याआधी माझ्याकडून ऐका.

भिवंडीत पीच! अख्खी गल्ली हसली होती. दिघाशीचे भावजी म्हणाले होते, "वहिनी, त्यापरीस दारात लूम लावा, कापड तरी येल!" आणि या चैत्रात झाड फळलं हो! लिंबाएवढी फळं, पण गोड. तुम्ही मात्र थंडीतच निघून गेलात. इतकी कसली घाई होती?

फळं उतरली आणि झाड माजलं. सरळसोट फांद्या वर, आत काळोख, खालचं सगळं वाळत चाललेलं. यंदाच्या कोवळ्या फांद्यांवरच पुढची फळं धरतात, त्यांना ऊन हवं, हे तुम्हीच मला शंभरदा ऐकवलंत ना?

वन्सं म्हणाल्या, "दादाला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही, आणि त्याच्या हिरव्या झाडाला कात्री? मेलं तर?"

मेलं तर! त्या भीतीनं माझाही हात उचलेना. मग माझाच मला राग आला. मी भ्यायचं आणि झाडानं गुदमरायचं?

वरच्या फांद्यांसाठी माणसं हवी होती. शेजारच्या लूमच्या खडखडाटात मी मुकादमांना ओरडून सांगितलं, "जब्बारभाई, कल सुबह छाटणी है! दो-तीन आदमी निकालो!"

सकाळी लूम बंद. सगळी शिफ्ट आपल्या फाटकाशी!

"बाई, हमारी छंटनी आप काहे कर रही हो? सेठ ने कहलवाया?"

"तुम्हारी नहीं, पीच की!"

"पीच कौन है? इस नाम का तो कोई नहीं अपने यहाँ!"

मी झाडाकडे बोट दाखवलं. जब्बारभाई कपाळाला हात लावून खालीच बसले. "आडू! अरे बाई, आडू बोलो ना! किसी के गले से रोटी नहीं उतरी!"

कॉन्व्हेंटात नन्सनी माझ्याकडून इंग्रजी कविता घोकून घेतल्या. छंटनी म्हणजे नोकरी जाणं, हे कुणी शिकवलं का?

मग काय, हसत हसत सगळे झाडाला भिडले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून इतकी ओरडले नव्हते मी! "ती ठेवा! सगळी पानं काढू नका, साल भाजेल उन्हानं!" दुपारपर्यंत झाडाच्या पोटात ऊन उतरलं. वन्सं चहा घेऊन आल्या आणि वर बघून म्हणाल्या, "मोकळं वाटतंय गं."

आता शब्द देते. दर उन्हाळ्यात हे झाड मीच छाटीन. आणि पुढच्या चैत्रातलं पहिलं फळ तुमच्या फोटोपुढे सुकत ठेवणार नाही. झाडाखाली उभी राहून, कोपरापर्यंत रस गाळत, मीच खाईन. तुम्ही वासावर भागवा!

तुमचीच,
सुलभा