आईच्या गादीची सुनावणी

तीर्थरूप मावशी,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना (उजव्याला जरा जास्त) माझा वाकून नमस्कार. काकांचा खोकला त्यांना सोडून गेला असेल, निदान थोडा लांब राहायला गेला असेल, अशी आशा करते. आमच्याकडे बाबांचा आवाज ठणठणीत आहे, माझी नोकरी चालू आहे, आणि आईबद्दलच लिहायला बसले आहे. तेव्हा चहा ठेवायचा असेल तर आत्ताच ठेव. मला थोडक्यात लिहिता येत नाही हे तू जाणतेस. (शिकल्यामुळे ते आणखी बिघडलं, असं बाबांचं मत आहे.)

तर आईची पाठ. डॉक्टरांनी चांगली गादी घ्यायला सांगितली आणि नोकरी लागल्यावर मी घरात पहिली वस्तू आणली ती गादीच. कोपऱ्यावरच्या गादीवाल्या काकांकडची, त्यांनी स्वतः दाबून, थोपटून, जणू मुलगी सासरी पाठवावी तशी पाठवलेली. मला वाटलं होतं, आता आई ढगावर झोपेल. पण त्या दिवसापासून तिची झोपच उडाली. ती कुशीवर वळली की वाळक्या पानांतून कुणी चालत जातंय असा आवाज यायचा आणि बाबा दचकून चोर आला का विचारायचे. उकडायचं तर इतकं, की ती पहाटे गादीवरून उठून फरशीवर जायची. शिवाय ती गादी निसरडी. एकदा आई वळली ती थेट खाली, आणि तिथूनच म्हणाली, "काही नाही गं, मी उठतच होते."

आई तक्रार करत नाही, हा तिचा मोठा दोष आहे. "सवय होईल" हे तिचं औषध. ते तिने बाबांवरही वापरलं आहे. मी दुकानात गेले. गादीवाले काका काही वाईट माणूस नाहीत, पण म्हणाले, "पोरी, गादीत खोट नाही. वहिनींना या वयात झोपच येत नसेल, त्याला मी काय करू?" घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "खरंच असेल बाई. झोपेचं वय गेलं असेल माझं." मावशी, हे ती इतक्या सहज म्हणाली, की मी तिथेच ठरवलं. आईची झोप गेली नाही, कुणीतरी नेली आहे, आणि ती मी कायद्याने परत आणणार.

(आपल्या घरी माझी पदवी चौकटीत आहे, चौकट पिशवीत आहे आणि पिशवी कपाटात आहे, त्यामुळे घरात कुणी शिकलेलं आहे याचा भिंतीवर काहीच पुरावा नाही. म्हणूनही मला हे करून दाखवायचं होतं.)

इथे लहानसहान तक्रारींचं एक न्यायाधिकरण आहे. दुकानदार आणि गिऱ्हाईक, घरमालक आणि भाडेकरू, शेजारी आणि शेजारी, असे सगळे तिथे जातात. वाचनालयाच्या फळ्यावर त्याची सूचना होती : वकिलाची गरज नाही, तक्रार साध्या भाषेत लिहावी. ते वाक्य वाचून मी तिथेच उभी राहिले. कायदा आईशी बोलायला खाली उतरला आहे, चपला काढून आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसला आहे आणि "बोला, काय झालं?" असं विचारतो आहे, असं काहीतरी मला दिसायला लागलं. मी घरी येऊन आईच्या नावाने तक्रार लिहिली. ती साध्या भाषेत नव्हती. "निद्रा हा नागरिकाचा मूलभूत आधार असून" अशी तिची सुरुवात होती. बाबांनी ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, "ही गादीबद्दल आहे ना?"

सुनावणीच्या कागदावर छापलं होतं, की वादातली वस्तू शक्य असल्यास सोबत आणावी. लोक अशा वेळी फोटो नेतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. आम्ही गादी नेली. टेम्पोत पुढे बाबा आणि चालक, मागे गादी, गादीवर आई आणि मी. कधी दिवसाउजेडी गादीवर पडून शहरातून गेली आहेस? झाडांच्या फांद्या, तारा, गच्च्यांवर वाळणारे कपडे, सगळं उलटं आणि हळू वाहत जातं. सिग्नलला बसमधले लोक खाली बघत होते. आई पदर सावरून ताठ बसली होती, पण थोड्या वेळाने म्हणाली, "आकाश किती मोठं असतं नाही?" आपण न्याय मागायला निघालो आहोत हे मी क्षणभर विसरलेच.

न्यायाधिकरण पूर्वीच्या नृत्यशाळेत भरतं. एका भिंतीला अजून आरसे आहेत, त्यामुळे प्रत्येक भांडण दोनदा दिसतं. पंखा असा फिरतो, जणू हवा हलवावी की नाही याचा विचार करतो आहे. आम्ही गादी भिंतीशी उभी केली तर कारकुनाने वर न बघताच तिला विचारलं, "तुमचा क्रमांक?" आमच्यानंतर दोन शेजारी होते, गळक्या नळावरून आलेले, आणि ते बाहेर बाकावरच एकमेकांची सात पिढ्यांची चौकशी करत होते.

अध्यक्षबाई इतक्या हळू बोलतात, की ऐकायला सगळी खोली पुढे झुकते. मी उभी राहून निद्रेपासून सुरुवात केली. आवाज, उष्णता, निसरडेपणा, असे तिन्ही दोष सांगितले. गादीवाले काका कपाळावरचा घाम पुसत "देवाशपथ" एवढंच म्हणत राहिले. बाई उठल्या, गादीजवळ आल्या, तिच्यावरून बोट फिरवलं. चर्र. आरशातही चर्र झाल्यासारखं वाटलं.

"हे प्लास्टिक काढलंच नाहीये का?" त्यांनी विचारलं.

मावशी, मी तुला खरं सांगते, ते प्लास्टिक मला त्या क्षणापर्यंत दिसलंच नव्हतं. ज्या घरात टीव्हीचा रिमोट पिशवीत जन्मला आणि पिशवीतच म्हातारा झाला, त्या घरातल्या मुलीला गादीवरचं प्लास्टिक म्हणजे गादीची कातडीच वाटणार.

"अहो वहिनी, ते काढायचं असतं!" गादीवाले काका जवळजवळ रडले.

"काढलं तर नवी कशी राहील?" आई शांतपणे म्हणाली.

"नवी कशाला राहायला हवी?" बाईंनी विचारलं.

"राहिलेली बरी. येतं कुणी कुणी." एवढं बोलून आई खिडकीकडे बघायला लागली.

बाई म्हणाल्या, पुरावा तपासायचा तर उघडावा लागेल. सरकारी शिक्का हातात असलेल्या माणसाचं आई ऐकते. तिने कुणाला कात्री लावू दिली नाही. स्वतः कडा सोडवून ते प्लास्टिक काढलं, घडी घातली, पिशवीत ठेवलं. मग बाई म्हणाल्या, "आता आडव्या व्हा. ही तपासणी आहे, लाजू नका." आईने चपला जोडीने लावल्या आणि ती भर खोलीत, परक्या लोकांसमोर आडवी झाली. आम्ही सगळे कान देऊन उभे. ती डावीकडे वळली. आवाज नाही. उजवीकडे वळली. आवाज नाही. आम्ही तिसऱ्या वळण्याची वाट बघत होतो, पण ते आलं नाही. आई झोपली होती.

तिला कुणी उठवलं नाही. गादीवाल्या काकांनी स्वतःचा रुमाल तिच्या तोंडावरच्या उन्हाच्या आड धरला. कारकून पावलं न वाजवता चालायला लागला. नळवाल्या शेजाऱ्यांना आत बोलावलं, आणि त्यांना कुजबुजत भांडावं लागलं. पण "तुझ्या बापाची भिंत आहे का" हे कुजबुजून म्हटलं, की त्यात काही दमच राहत नाही. दोघांनी मुकाट्याने प्लंबर ठरवला. मी मात्र आईकडे बघत होते. मी तिला झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं. ती आमच्यानंतर झोपते आणि आमच्या आधी उठते. झोपेत ती थोडी तुझ्यासारखी दिसते, आणि थोडी अशी एक मुलगी, जिला मी ओळखत नाही.

बाईंनी निकाल कारकुनाच्या कानात सांगितला : वस्तू निर्दोष, तक्रार निकाली, तक्रारदार जागी झाल्यावर कळवावे.

काकांना नमस्कार सांग. तुझीच,
रीतसर हरलेली भाची

ता. क. गादीवाल्या काकांनी दुकानात पाटी लावली आहे, "प्लास्टिक काढून झोपावे", आणि ते न्यायाधिकरणाचा हुकूम म्हणून सगळ्यांना दाखवतात. आता बाबांना झोप येत नाही. म्हणतात, घर फार शांत झालंय.

ता. क. २. काल संध्याकाळी आई ते प्लास्टिक परत गादीला घालताना सापडली. मी आवाज चढवला तेव्हा म्हणाली, "ताई येऊन जाऊ दे, मग काढीन." मागच्या खेपेला तू हसत म्हणाली होतीस, "तुझ्याकडे पाठ टेकायलाही जागा नाही गं," आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली होतीस. तू विसरलीही असशील. आई विसरलेली नाही. तर मावशी, मुख्य विनंती ही : ये. चांगली आठवडाभर ये, त्या गादीवर लोळ, आणि जाण्याआधी तिच्यावर चहाचा एक डाग पाड. त्याशिवाय ती गादी आईची होणार नाही.

ता. क. ३. आईने बजावलं आहे, ताईला गादीचं काही कळवू नकोस, तिला वाटेल मुद्दाम घेतली. म्हणून यातलं तू काहीच वाचलेलं नाहीस. डाग मात्र मधोमध पाड, कडेचा ती धुऊन काढेल.