नऊ वेळा बदललेलं तेल

आर्डिथवन्सं यांस,

तुमची वहिनी ओलीटा हिचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? तुमची लेक जेनिस बरी आहे ना? (तिच्या नवऱ्याची चौकशी मी करत नाही, तुम्हीही फार करू नका.) माझं बरं चाललंय. तुमच्या भावाला, हॉलिसना, जाऊन सहा महिने झाले. दफनाच्या दिवशी तुम्ही चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला होतात ते मी पाहिलं, आणि मी पाहिलं ते तुम्ही पाहिलं, तेव्हा त्यावर कागद खर्च करत नाही. अठरा वर्षांनी पत्र आलं म्हणजे कुणी मेलं असं समजू नका. मेली असेल तर गाडी मेली असेल, आणि तेही अजून नक्की कळलेलं नाही. ती समोर अंगणात उभी आहे, मी पायरीवर बसून लिहितेय, आणि दोन दिवस तिच्याजवळ जायची माझी छाती झालेली नाही.

गाडी म्हणजे आपली हिरवी पिकअप, तुमच्या भावाने कोरी घेतलेली. गेल्या महिन्यापासून ती ओढ्याजवळचा चढ चढताना गिअर आपोआप बदलला की धक्का मारायला लागली, जसं कुणी मागून लाथ घालावी. ते रॉइसला कळलं. (मीच बोलून बसले. पोटच्या पोराशी फोनवर काय बोलायचं असतं हो, हवापाणी आणि गाडी.) तो म्हणाला, आई, पुढच्या रविवारी मी येतो, गाडी नीट चालली नाही तर किल्ल्या घेऊन जाणार. आणि गाडी नसताना तू त्या डोंगरात एकटी राहणार नाहीस. म्हणजे कुठे राहणार ते मला ठाऊक आहे. मार्चमध्ये त्याने मला एका वृद्धाश्रमात 'नुसतं बघायला' नेलं होतं. तिथे एका टेबलाशी चार म्हाताऱ्या बसून घोड्यांच्या चित्राचे तुकडे जुळवत होत्या. त्यातली एक मला हळूच म्हणाली, शोधू नकोस, दोन तुकडे नाहीतच यात, दोन वर्षांपूर्वीच हरवलेत. वन्सं, मी साप कोयत्याने मारलेत, दोन बाळंतपणं घरी केलीत, पण ते ऐकून मी पर्स उचलली आणि थेट रॉइसच्या गाडीत जाऊन बसले.

तेव्हा ठरवलं, गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर आपणच बदलायचं. गॅरेजला दिली असती तर तो गॅरेजवाला रॉइसच्या वर्गातला, संध्याकाळच्या आत बातमी पोचली असती. शिवाय हॉलिस दर दुसऱ्या एप्रिलला हे तेल बदलून आणायचे, डोंगरापलीकडे कुणी मेकॅनिक होता त्याच्याकडून. सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे, आणि आल्यावर शेडच्या भिंतीवर पेन्सिलीने तारीख लिहायचे. नऊ ओळी आहेत. फिल्टर आणायला गेले तेव्हा सुट्या भागांच्या दुकानातल्या टर्लीने पहिला प्रश्न हाच विचारला, की काकी, आधी कधी बदललंय का? मी म्हटलं, नऊ वेळा, भिंतीवर लिहून ठेवलंय. मग तो म्हणाला, बदला मग खुशाल. पण कधीच बदललेलं नसतं तर मी तुम्हाला हातसुद्धा लावू दिला नसता. जुन्या गाडीत कधी न बदललेलं तेल काढलं की गिअरबॉक्स बसतो, कारण आत सगळं झिजलेलं असतं आणि त्या घाण तेलातली कचकचच काय ती पकड धरून असते. हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

तर मंगळवारी सकाळी गाडी थोडी गरम केली, पुढची चाकं फळ्यांच्या उतरणीवर चढवली आणि मागच्या चाकांखाली ओंडके लावले. (माझी पावाएवढी जाड बिस्किटंही चालली असती, असं तुम्ही म्हणाल. चर्चच्या जेवणात, चाळीस माणसांसमोर म्हणाला होतात, की वहिनीची बिस्किटं ट्रकच्या चाकाखाली लावा, उतारावर हलायचा नाही. अठरा वर्षं झाली, मी विसरलेले नाही.) मग पुठ्ठा टाकून खाली सरकले. शहात्तराव्या वर्षी गाडीखाली उताणं पडलं की देवाची आठवण आपोआप येते, कारण वर बघितलं की सगळं लोखंड तुमच्याच छातीकडे बघत असतं. रविवारी रॉइस येईपर्यंत मला कुणी शोधायलाही येणार नाही, हा विचार मी तिथे पडून नीट केला, आणि एक पाय बाहेर दिसेल असा ठेवला.

गिअरबॉक्सच्या पोटाला पत्र्याचा पसरट ट्रे असतो, पुष्कळशा बोल्टनी आवळलेला. तेल सोडायला त्याला बूच नाही. ज्याने तो बनवला त्याला आई नसावी. एका कोपऱ्याकडचे बोल्ट सैल करत आणायचे, की ट्रे हळूच कलतो आणि तेल त्या बाजूने पातेल्यात पडतं. माझा ट्रे हळूच कलला नाही. धाडकन कलला. अर्धं तेल पातेल्यात आणि अर्धं माझ्या बाहीतून काखेपर्यंत. ते तेल लाल असतं म्हणतात. हे करपलेल्या काकवीसारखं काळं होतं, आणि वासही तसाच. तिथेच मला शंका यायला हवी होती. मी जुना फिल्टर ओढून काढला, ट्रे बाहेर आणून पुसायला घेतला. तळाच्या लोहचुंबकावर लोखंडाचा राखेसारखा गाळ, आणि त्या गाळात करंगळीएवढं पिवळं प्लास्टिकचं बूच.

मला वाटलं, गाडीच्या आतलंच काही तुटलं. टर्लीला फोन केला. पिवळं बूच म्हटल्यावर त्याने मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "काकी, ते कारखान्यातलं बूच आहे. तेल मोजायची पट्टी ज्या नळीत घालतात तिच्या तोंडावर असतं. पहिल्यांदा पट्टी घातली की ते आत पडतं. आणि पहिल्यांदा जो ट्रे उघडतो तो ते फेकून देतो."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय, पहिल्यांदा तुम्हीच उघडलात."

वन्सं, मी ट्रे मांडीवर घेऊन शेडमध्ये बसले. समोर भिंतीवर नऊ तारखा, हातात बूच. नवरा एकोणपन्नास वर्षं माझ्याशी कधी खोटं बोलला नाही, आणि बोलला ते नेमकं गिअरबॉक्सबद्दल. आता जुनं तेल तर पातेल्यात. नवीन भरावं तर गाडी मरणार. जुनं भरावं तर ती धक्के मारतच राहणार आणि रविवारी रॉइस. शेवटी दही लावताना करतो तसं केलं. दफनाला घातलेल्या काळ्या मोज्यातून जुनं तेल गाळलं (ते मोजे पुन्हा घालायची इच्छा नव्हतीच), नवीन तेलात विरजणासारखं मिसळलं. नवा फिल्टर वर दाबून बसवला, नवी गॅस्केट लावून बोल्ट आवळले, आणि सगळं लांब नरसाळ्याने पट्टीच्या नळीतून ओतलं. इंजिन चालू केलं, मागचे ओंडके काढले आणि गाडी न्यूट्रलवर ठेवून उतरणीवरून आपल्या वजनाने खाली घेतली. इथवर झालं. आता पायाखाली ब्रेक धरून दांडा रिव्हर्सला घ्यायचा, एवढंच राहिलंय, आणि ते मी दोन दिवस करत नाहीये. जोवर दांडा रिव्हर्सला घेतला नाही तोवर ती मेलेली नाही.

कळावे. लोभ होता तेवढा तरी असावा.

तुमची वहिनी,
ओलीटा

ता. क. तो मेकॅनिक. त्याची बायको दर वेळी हॉलिसबरोबर रानद्राक्षांच्या जेलीची बरणी पाठवायची. आधी मी चर्चमधल्या पियानोवालीवर संशय घेतला. (दीड दिवस घेतला. तिला जेली जमायची नाही.) मग आज माळ्यावरून रिकाम्या बरण्या काढल्या. झाकणाखाली निळा दोरा, दोन वेढे आणि गाठ डावीकडे, सासूबाई बांधायच्या तशी, आणि ती त्यांनी तुम्हालाच शिकवलेली. वन्सं, मी तुमच्या नऊ बरण्या जेली खाल्ली, आणि दर वेळी निरोप पाठवला की बाईच्या हाताला चव आहे. तो तुम्हाला पोचला असणार. पोचला का, एवढं कळवा.

ता. क. दुसरा. खरं कारण हे, की तुम्ही तीस वर्षं शाळेची बस चालवलीत, आणि मला भीती वाटतेय. शनिवारच्या आत या. मी दांडा ओढीन तेव्हा शेजारी बसा. बोलायची गरज नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवल्यावर लक्षात आलं, की पत्रपेटी फाट्यावर, अडीच मैलांवर. पत्र टाकायला गाडी हवी, आणि गाडीसाठीच पत्र. पाकीट फोडून हे लिहितेय. डोळे मिटले (मिटू नयेत, मला कळतं) आणि दांडा ओढला. प्रार्थनेची अर्धी ओळ होईतो ती नुसती उभी. मग गपकन पकड घेतली आणि मागे सरकली. चढसुद्धा चढली, नवऱ्या मुलीसारखी. पेटीत पत्र न टाकताच पुढे टर्लीकडे गेले, तर तो दुकानभर हसला. म्हणाला, काकी, ट्रे सोडला तरी निम्म्याहून जास्त जुनं तेल वरच राहतं, मोजे फुकट गेले.

तेव्हा तुमची आता गरज नाही. तरी या. बिस्किटं करीन, खायची की चाकाखाली लावायची ते तुम्ही ठरवा. बूच खिडकीत ठेवलंय, तुम्हाला दाखवायला. आणि जेनिसने विचारलं, आई, ह्या वयात एवढ्या लांब कुठे निघालीस, तर सांगा, गिअरबॉक्सचं तेल बदलायला. आपल्या घरात ते चालतं.