आईला दिसलेले कॅमेरे

प्रिय धाकट्या,

पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलंय, त्यावरून फार काही समजू नकोस. तुझा कालचा निरोप मिळाला. 'ताई, आईला सांग, माझा तिच्यावर आता राग नाही.' मी फोन कानाला लावून ओट्यापाशी उभी होते, समोर दूध उतू जात होतं आणि मी ते जाऊ दिलं, कारण त्या क्षणी दूध आणि मी एकाच अवस्थेत होतो. निरोप मी पोचवलेला नाही. पोचवणारही नाही. हे सगळं फोनवर बोलले असते, तर तू 'मीटिंगमध्ये आहे गं, नंतर करतो' म्हणून सटकला असतास. पत्राला मध्येच कट करता येत नाही. फाडून टाकता येतं म्हणा, पण स्वतःबद्दल लिहिलेला मजकूर न वाचता फाडण्याइतका तू अजून विरक्त झालेला नाहीस.

मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात नोकरी करते. लोकांच्या संतापाला 'आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे' असं थंडगार उत्तर देण्याचा मला पगार मिळतो. एवढी वर्षं दुसऱ्यांचा राग वाचून एक गोष्ट शिकले. शिव्या घालणाऱ्या माणसाची तक्रार कोणी वाचत नाही, जे घडलं ते घडलं तसं सांगणाऱ्याची मात्र साहेबसुद्धा खुर्ची पुढे ओढून वाचतात. म्हणून मीही शिव्या गिळून क्रमानं सांगते. एखादी निसटली तर सांभाळून घे.

तू दातांच्या डॉक्टरांना खुर्च्या विकतोस आणि त्यासाठी गावोगाव गाडी हाकतोस, हे मला मान्य. वेळेवर पोचावं लागतं, हेही मान्य. पण तुझ्या फोनमध्ये ते ॲप आलं आणि तू पार बदललास. 'पुढे वेगाचा कॅमेरा आहे' असं मंजुळ आवाजात सांगणारी ती बाई! तिला तू 'मावशी' म्हणायला लागलास. सख्ख्या मावशीचं एक वाक्य तू आजवर पूर्ण ऐकून घेतलं नाहीस, आणि या मावशीनं नुसता घसा साफ केला तरी तुझा पाय ब्रेकवर. कॅमेऱ्यासमोरून तू असा जायचास, जसा नवा जावई सासरी पंगतीत बसतो: पाठ ताठ, नजर खाली, सगळ्याला 'हो, हो'. खांब मागे पडला की मूळ अवतार. मी मागच्या सीटवरून एकदा विचारलं होतं, 'काय रे, मर्यादा काय त्या खांबापुरतीच असते?' तू आरशातून माझ्याकडे बघत म्हणालास, 'ताई, दंड लागतो तिथे मर्यादा. बाकी ठिकाणी नुसतं मत.' हे वाक्य तुला स्वतःलाच इतकं आवडलं की नंतर पाहुण्यांसमोर तू ते दोनदा म्हणून दाखवलंस. पाहुणे हसले. पाहुण्यांचं काय, त्यांना घरी दुसऱ्या गाडीनं जायचं होतं.

मावशीला सगळं कळायचं, फक्त रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या त्या कॅमेरावाल्या गाड्या कळायच्या नाहीत, कारण त्या रोज जागा बदलतात. म्हणून तू आईला नोकरीवर ठेवलंस. 'आई, पुढे बस. मावशी हुशार आहे, पण तिला डोळे नाहीत. डोळे तू.' तू सहज बोलून गेलास आणि विसरलास. आई विसरली नाही. बाबा गेल्यापासून तिला या घरात कोणी काम सांगत नव्हतं. भाजी चिरायला घेतली की 'राहू दे', कपडे वाळत घालायला गेली की 'तू बस'. सगळे तिला बसवत होते, आणि तू तिला कामाला लावलंस. रविवारी तुझी गाडी यायच्या कितीतरी आधी ती चष्मा पुसून, पर्स मांडीवर घेऊन, चपला घालून तयार असायची. शेजारच्या काकूंनी बोलावलं तर म्हणायची, 'रविवारी नाही हो जमत. त्याला एकट्याला दिसत नाही, मला जावंच लागतं.' एखाद्या विमानाची सहवैमानिक असल्यासारखा तो थाट. तेव्हा मला तुझं कौतुक वाटलं होतं. ते आता परत घेते.

मग आईला कॅमेरे दिसायला लागले. शाळेच्या फाटकापाशी, 'कॅमेरा!' ओढ्यावरच्या अरुंद पुलावर, 'अरे, कॅमेरा!' फ्लायओव्हर उतरल्यावर पार्लरचं ते आंधळं वळण आहे ना, तिथे तर प्रत्येक खेपेला. तू करकचून ब्रेक मारायचास, इकडेतिकडे बघायचास, आणि कॅमेरा कुठेच नसायचा. एक विजेचा खांब, नाहीतर भिंतीला टेकून ठेवलेली शिडी. तू वैतागायचास, हसायचास, पण पुढच्या वेळी परत ब्रेक मारायचास, कारण न जाणो खरा असला तर. 'आईला हल्ली कावळ्यातसुद्धा कॅमेरा दिसतो' हा तुझा विनोद ऑफिसात फार चालला म्हणे. शेवटी तू तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलास. मी बरोबर होते. डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावला, आईनं शेवटची ओळ घडाघडा वाचली आणि खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. डॉक्टर तुला म्हणाले, 'यांना काही झालेलं नाही हो. तुम्ही बसा जरा, तुमचे तपासू.' तू बसला नाहीस. जिन्यात मला म्हणालास, 'मग डोक्याचं असेल. वय झालं.' आई एक पायरी मागे होती. तिनं ऐकलं. पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली. मी तुझ्यावर डोळे वटारले, तर तू म्हणालास, 'काय? खरं तेच बोललो.'

आता त्या सोमवारचं. तुला सुटी होती, आईला गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. रक्तदाबाची गोळी नुकतीच बदललेली, त्यामुळे तिला दिवसा पेंग यायची. हे मी तुला दारात सांगितलं होतं, तू किल्ली फिरवत 'हो हो' म्हणाला होतास. फ्लायओव्हर उतरल्यावर चाळीसची पाटी आहे. भली मोठी आहे, तिला ॲप लागत नाही. मावशी गप्प होती, कारण तिच्या हिशेबी तिथे कॅमेरा नव्हता, आणि खरोखरच नव्हता. तू कितीनं चालला होतास ते प्रत्येकाला वेगळं सांगितलंयस. पोलिसांना सर्वात कमी, मित्राला सर्वात जास्त. वळणावर गाडी तुझ्या हातातून गेली, फुटपाथवर चढली, पार्लरच्या कुंड्या फोडल्या आणि दारापुढच्या बाकाचा चुरा करून भिंतीला टेकली. त्या बाकावर आठवडाभर बायका बसलेल्या असतात. कोणाच्या केसांना रंग लावलेला, कोणाच्या मांडीवर नातवंड. सोमवारी पार्लर बंद असतं. बस, एवढंच. तुझ्या ड्रायव्हिंगनं वाचवलं नाही, ब्रेकनं वाचवलं नाही, पार्लरच्या साप्ताहिक सुटीनं वाचवलं. आईचं उजवं मनगट मोडलं. तुझ्या कपाळाला खरचटलं.

पार्लरवाली वरच्या मजल्यावर राहते. आवाज ऐकून धावत खाली आली, आईला तिनंच बाहेर काढलं. ती मला हॉस्पिटलात काय म्हणाली ते तुला माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. म्हणाली, 'ताई, काकू हात धरून कण्हत होत्या आणि तुमचा भाऊ त्यांच्यावर ओरडत होता, आई, तू झोपलीसच कशी! मला आधी वाटलं, गाडी काकूच चालवत होत्या.' मी हसले. हसले आणि मग तिथल्या बाकावर बसून घेतलं.

आणि नंतर? आईच्या पलंगाशी उभा राहून तू मामांना फोनवर सांगितलंस, 'आईचा नेमका डोळा लागला हो, नाहीतर काही झालंच नसतं.' काय वाक्य आहे! गाडी नाही, वेग नाही, वळण नाही, तूही नाहीस. फक्त आई आणि तिचा डोळा. आई उशीवर मान हलवत होती, 'हो ना, हो ना' म्हणत. त्यानंतर तू फिरकला नाहीस. मोडक्या बंपरचे फोटो मात्र पाठवतोस, समोरून, बाजूनं, जवळून. बंपरला बरं वाटतंय ना आता? आईच्या प्लास्टरचा फोटो एकदा तरी मागितलास? जिचा बाक तू मोडलास ती पार्लरवाली एक दिवसाआड येऊन आईची वेणी घालून जाते, कारण माझ्याकडून ती वाकडी येते. परवा आईला हसवायला म्हणाली, 'काकू, चिरंजीवांना सांगा, पार्लरमध्ये यायचं तर दारातनं या, भिंतीतनं कशाला?' आई हसली नाही. आई हल्ली हसत नाही. धड जेवतही नाही, झोपतही नाही. पेंग यायला लागली की डोळ्यांवर पाणी मारते. खिडकीशी खुर्ची ओढून रस्त्याकडे बघत बसते, आणि एखादी गाडी जोरात गेली की तिचे ओठ हलतात.

काय पुटपुटते ते परवा कळलं. मी तिचे केस धूत होते, ती मान खाली घालून बसली होती, आणि पाण्याच्या आवाजात एकदम म्हणाली, 'मला एकही कॅमेरा दिसला नव्हता गं.' मी नळ बंद केला. 'म्हणजे?' 'म्हणजे खोटंच सांगायचे मी. हळू चालव म्हटलं की तो चिडतो. तुझे बाबा चालवत असते तर पोचलोच नसतो म्हणतो. कॅमेरा म्हटलं की लगेच हळू होतो. मग मला जिथे जिथे भीती वाटायची, तिथे तिथे मी कॅमेरा म्हणायचे.' शाळेच्या फाटकापाशी पोरं धावत येतात म्हणून. पुलाला कठडा नाही म्हणून. पार्लरच्या वळणावर बाकावर बायका असतात म्हणून. कळतंय का तुला? तू तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलंस तेव्हाही ती गप्प राहिली. तू जिन्यात तिला खुळ्यात काढलंस तेव्हाही गप्प. तोंड उघडलं असतं तर तिचा एकमेव उपाय गेला असता. खुळी ठरायला तयार होती ती, पण तुझा पाय ब्रेकवर जायला हवा होता. तुला मोठं केलेल्या बाईच्या 'हळू' या शब्दाला तुझ्या लेखी किंमत शून्य, म्हणून तिला या वयात एका यंत्राचं नाव सांगून तुला भीती घालावी लागली. मी केसांतला साबण तसाच ठेवून बाहेर आले आणि बाल्कनीचं दार आपटलं. दाराचा काही दोष नव्हता.

हे पत्र आज का लिहितेय ते आता सांगते. दुपारी आईनं मला कागद-पेन घेऊन बसवलं, तिचा हात प्लास्टरमध्ये आहे म्हणून. म्हणाली, 'त्याला लिही. मी सांगते तसंच लिही, तुझ्या मनाचं घालू नकोस.' आणि तिनं सांगितलं: मी तुला खोटे कॅमेरे सांगत आले, डॉक्टरांकडे तुझा दिवस फुकट गेला. त्या सोमवारी मला झोप लागली, तुझी गाडी मोडली. आईला माफ कर. गाडी नीट झाली की मला परत पुढे बसव, मी गोळी रात्री घेत जाईन, झोपणार नाही. धाकट्या, यातलं एक अक्षरही मी तिच्या नावानं लिहिणार नाही. ती समोर बसली आहे, 'किती वेळ लिहितेस, एवढं कुठे सांगितलं मी?' म्हणते आहे, आणि 'तो चिडणार नाही ना गं?' असं विचारते आहे. मी 'नाही' म्हटलं. या शनिवारी ये. बसनं ये. खुर्ची ओढून तिच्यासमोर बस आणि सांग की चूक तुझी होती, फक्त तुझी, आणि त्या वाक्याला 'पण' जोडायचा असेल तर दारातूनच परत जा. मग तिला झोपू दे. भर दुपारी, खुर्चीत, तोंड उघडं टाकून, हवी तितकी. आई झोपली यात माफी मागण्यासारखं काहीही नाही, हे मी तिला सांगून सांगून थकले. तिला ते माझ्याकडून पटत नाही. तुझ्याकडून एकदा ऐकलं की लगेच पटेल, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे.

तुझीच, काय करणार,
ताई