हर्षाच्या समोरचा हात

शनिवार, बोईसर

उद्याच्या बास्केटबॉल सामन्यात मुरबे गावच्या हर्षाला बाहेर बसवा, असं सकाळी मीच सरांना सांगितलं. संघाच्या आकड्यांची वही माझ्याकडे, आणि बास्केटची टक्केवारी तिचीच सर्वांत कमी. तरी मन खात होतं. संध्याकाळी जुन्या सामन्यांचे व्हिडिओ लावून नवा रकाना आखला: बास्केटमध्ये चेंडू टाकताना समोर अडवणारीचा हात होता का? हर्षाच्या समोर जवळजवळ दर वेळी. अडकलो की आम्ही चेंडू तिलाच देतो ना. फोनवर विचारलं, राग नाही येत? म्हणाली, "कोनीतरी टाकायलाच पायजे. हात हाय तर हाय."

काय मुलगी आहे ही.

मग वहीतली माझी ओळ पाहिली, चांगल्या टक्केवारीची. माझ्यासमोर हात नाहीच, कारण समोरच्या संघातल्या दोघी हर्षाला अडवत असतात. माझी टक्केवारी तिने कमावलीय, हे सरांना कसं सांगू?